स्प्लेंडरचा मागचा दिवा : नवी वायर, एलईडी आणि लाल झालेली नंबरप्लेट

डबलसीट | मंगळवार, रात्री १०:४२

मंडळी, नमस्कार. गाडी २००४ची हिरो होंडा स्प्लेंडर. किकस्टार्ट, ड्रम ब्रेक, मूळ रंग काळा (आता कुठलाच नाही). गाडी वडिलांची. ते स्वतः चालवत नाहीत आणि विकूही देत नाहीत. सेकंड शिफ्ट संपवून मी रोज रात्री कराड-विटा रस्त्याने घरी येतो.

दुखणं असं : मागचा बल्ब महिना-दीड महिन्यात उडतो. गेल्या आठवड्यात मागून येणारा मित्र म्हणाला, "तू ब्रेक दाबलास की तुझा मागचा दिवा विझतो." मला वाटलं गंमत करतोय. भिंतीजवळ गाडी लावून पाहिलं, तर खरंच. ब्रेक दाबला की उजेड वाढायच्या ऐवजी मंद होतो!

गॅरेजवाला म्हणाला एलईडी टाका, कटकट मिटेल. टाकला, पांढरा, त्याच खाचेत बसणारा. कटकट वाढली. गाडी आयडलला असली की दिवा फडफडतो. लाल काच आता गुलाबी सरबतासारखी दिसते. आणि ब्रेक दाबला काय, नाही काय, मागच्याला फरक कळत नाही.

आता ठरवलंय की मागची सगळी वायरिंग नवीन टाकायची. ऊसतोड सुरू झाली आहे, रस्त्यावर दिवे नसलेल्या ट्रॉल्या असतात, त्यात आपलीही भर नको. कुठून सुरू करू? मल्टीमीटर आहे, सोल्डरिंग जेमतेम येतं.

---

किकमारके | रात्री ११:०५

होल्डर काढ, शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने घास, परत बसव. ९० टक्के वेळा तेवढंच असतं. वायरिंग बियरिंगच्या नादाला लागू नको भावा.

---

गप्पिष्ट_गियर | रात्री ११:१२

वाचतोय. माझ्या पॅशनचंही सेम आहे.

---

तारतंत्र | बुधवार, सकाळी ६:५०

डबलसीट, नवीन वायर आणायच्या आधी एक काम करा. जुना फिलामेंटचा बल्ब परत लावा. एलईडी घालून दोष शोधता येत नाही, तो निम्मं लपवतो. मग तीन गोष्टी बघून इथे लिहा.

१. इंजिन बंद, चावी ऑन, लाईटचं बटण ऑन. मागचा छोटा दिवा लागतो का?
२. तसंच ठेवून ब्रेक दाबा. ब्रेकचा दिवा लागतो का?
३. आता लाईटचं बटण बंद करा. इंजिन बंदच. अंधारात ब्रेक दाबा आणि मागे न बघता *मीटरकडे* बघा.

तिसऱ्याचं कारण नंतर सांगतो.

---

डबलसीट | बुधवार, दुपारी १:२०

काका, जेवणाच्या सुट्टीत करून बघितलं, स्टोअररूमच्या अंधारात गाडी घालून.

१. नाही लागत.
२. लागतो, पण पिवळट.
३. मीटरमधला दिवा अगदी मिणमिण पेटतो!! ब्रेक सोडला की जातो. हे काय भूत आहे?

---

तारतंत्र | बुधवार, रात्री ८:१५

भूत नाही, अर्थिंग.

बल्बच्या पितळी टोपीवर १२ व्होल्ट २१/५ वॅट लिहिलेलं असेल. (पुढच्या स्प्लेंडर प्लसला ५/१०चा येतो, म्हणून टोपी वाचूनच बल्ब घ्यायचा.) आत दोन तारा असतात. ५ वॅटची टेलसाठी, २१ वॅटची ब्रेकसाठी. दोघींना जायची वाट वेगळी, परत यायची वाट एकच : बल्बची टोपी, होल्डर, हिरवी वायर, बॅटरीची निगेटिव्ह. ही परतीची वाट गंजली की २१ वॅटवाला करंट तिथे तुंबतो आणि दुसरी फट शोधतो. फट म्हणजे ५ वॅटची तार. तिच्यातून उलटा शिरून तो तपकिरी वायरने पुढे मीटरच्या दिव्यापर्यंत जातो. म्हणून तुमचा मीटर मिणमिणला. गाडी चालू असताना याच तुंबण्यामुळे टेलच्या दिव्याला पुरेसा दाब (व्होल्ट) मिळत नाही, म्हणून ब्रेक दाबला की तो मंद.

आता पहिलं उत्तर. ते दोष नाही, ती गाडीची रचनाच आहे. या काळातल्या स्प्लेंडरमध्ये हेडलाईट, टेललाईट आणि मीटरचा दिवा बॅटरीवर नाहीत. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलमधून येणाऱ्या एसीवर (सारखी दिशा बदलणाऱ्या करंटवर) ते थेट चालतात, मध्ये फक्त आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट दाब आवरायला. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाईट बॅटरीच्या डीसीवर. इंजिन बंद तर टेल बंद. तुमच्या एलईडीच्या फडफडीचं मूळ इथे आहे. एलईडी एकाच दिशेने करंट घेतो, एसीचा निम्मा भाग त्याच्या उपयोगाचा नाही, आणि आयडलला मॅग्नेट हळू फिरतो तेव्हा ते डोळ्याला दिसतं. उरलेला निम्मा भाग उलटा दाब देऊन त्याला हळूहळू मारतो ते वेगळंच.

किकमारके, पॉलिश पेपरने आठवडाभर चालेल. गंज होल्डरमध्ये असेल तर. वायरच्या पोटात असेल तर नाही.

---

किकमारके | रात्री ८:२२

मान्य काका. मीटरवाली टेस्ट माहीत नव्हती. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

---

घाटवळण | रात्री ८:४०

एवढा खटाटोप करण्यापेक्षा गाडी बदला की. २०१७ नंतरच्या गाड्यांना हेडलाईट कायम चालू, बऱ्याच गाड्यांत सगळं डीसी, प्रश्नच नाही.

---

डबलसीट | रात्री ८:५५

वडिलांशी तुम्ही बोला. नंबर देतो.

---

सोल्डरसखी | रात्री ९:३०

:D

तारतंत्र काकांना जोड म्हणून मल्टीमीटरबद्दल. बहुतेक जण होल्डरमधून बल्ब काढतात, प्रोब लावतात, १२.४ दिसलं की वायर चांगली म्हणून सोडून देतात. वायरमधली एकच बारीक तार शाबूत असली तरी मीटर १२.४च दाखवणार, कारण मीटर करंट ओढत नाही. मी पॉलिटेक्निकच्या मुलांना हेच वर्षानुवर्षं सांगते.

तपासायचं ते लोड असताना. बल्ब जागेवर, ब्रेक दाबलेला (पेडलला विटेचा तुकडा बांधा). एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा होल्डरच्या धातूच्या बॉडीवर. आदर्श शून्य. ०.२ व्होल्टपर्यंत मी चालवून घेते. दोन-तीन व्होल्ट दिसले तर तेवढा दाब अर्थिंगच्या वायरमध्ये वाया जातोय. मग दुसरा प्रोब हळूहळू पुढे सरकवत या : होल्डर, मडगार्डखालचा जोड, सीटखालचा जोड. जिथे आकडा एकदम पडतो तिथे रोग.

---

खारा_वारा | रात्री १०:१०

आमच्याकडे वेंगुर्ल्यात अर्थिंगचो प्रॉब्लेम म्हणजे सर्दी-पडशासारखो. पावसाळो संपलो की सगळ्यांक होता. वायरची साल काढलास तर आत तांबा हिरवा चटणीसारखा. वरून वायर एकदम चकचकीत! तेव्हा साल मऊ लागते का ती दाबून बघ. कडक पट्ट्यात मधेच मऊ लागली तर तिथे आत पावडर झालेली.

अजून एक, लोकां होल्डर बंद करूक कुठलाही सिलिकॉन मारतत. ज्याक व्हिनेगराचो वास येता तो मारू नको, तोच तांबा खाता. आणि काचेच्या खाली जो पाणी जायचो होल असता तो बुजवू नको. पाणी येणारच, ते जाऊक वाट होयी.

---

डबलसीट | गुरुवार, रात्री ११:३०

सखीताई, होल्डरवर २.८ व्होल्ट. सीटखालच्या जोडावर ०.१. म्हणजे रोग शेवटच्या दोन फुटांत. रविवारी उघडतो.

तोपर्यंत खरेदी. काय काय आणू? पुण्याला शनिवारी जाणार आहे.

---

तारतंत्र | शुक्रवार, सकाळी ७:०५

नाना पेठेत होल्डरसकट मागच्या दिव्याची प्लेट मिळेल. होल्डरची स्प्रिंग सैल झाली असेल तर नवीनच घ्या, पन्नास-शंभर रुपयांसाठी जीव नका काढू. तपकीर गल्लीतून ०.७५ स्क्वेअरची ऑटो वायर चार रंगांत दोन-दोन मीटर. घरगुती फिटिंगची जाड कडक वायर नको, ती हलून हलून तुटते. हीटश्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी), पितळी बुलेट कनेक्टर, काच फ्यूजचा एक होल्डर आणि २ अँपियरचे चार फ्यूज.

रंग होंडाच्या पद्धतीचे ठेवा, पुढचा मेकॅनिक तुम्हाला दुवा देईल :
हिरवा - अर्थिंग
तपकिरी - टेल
हिरव्यावर पिवळी रेघ - ब्रेक
काळा - चावीनंतरचा पॉझिटिव्ह
नारिंगी डावा इंडिकेटर, आकाशी उजवा.

हिरवा म्हणजे अर्थिंग हे फक्त होंडा घराण्यात. दुसऱ्या गाडीला हाच नियम लावाल तर धूर काढाल. कावासाकीत काळ्यावर पिवळी रेघ हे अर्थिंग असतं.

---

डबलसीट | शुक्रवार, सकाळी ९:१५

काळा कशाला? मागे तर काळी वायर येतच नाही.

---

तारतंत्र | शुक्रवार, दुपारी २:४०

तोच तर मुद्दा आहे. एलईडी लावायचाच असेल तर टेल डीसीवर घ्यायचा. पुढून नवीन वायर ओढायची गरज नाही. उजव्या बाजूला ब्रेक पेडलच्या वर जो स्प्रिंगवाला ब्रेक स्विच आहे, त्याला दोन वायर येतात. एक काळी (चावी ऑन केली की १२ व्होल्ट), एक हिरवी-पिवळी (ब्रेक दाबला की १२ व्होल्ट). काळीवरून एक फांदी काढा, लगेच २ अँपियरचा फ्यूज टाका, आणि ती वायर मागे टेलला न्या. जेमतेम तीन फूट.

जुनी तपकिरी वायर मागच्या बुलेट कनेक्टरपाशी सोडवा, तोंडावर स्लीव्ह चढवून बांधून टाका. ती कापू नका आणि नव्या डीसीला चुकूनही जोडू नका. तिच्यात एसी आहे. पुढे तिच्यावर मीटरचा दिवा आहे, तो तसाच चालू राहील.

फायदा नुसता फडफड जाण्याचा नाही. रेल्वे फाटकावर किंवा पंक्चर झाल्यावर इंजिन बंद केलं तरी चावी ऑन असेपर्यंत मागचा दिवा राहतो. आत्ता तुमची गाडी बंद पडली की मागच्याच्या दृष्टीने ती नाहीशीच होते.

---

घाटवळण | शुक्रवार, दुपारी ३:०२

पण बॅटरी? किकस्टार्ट स्प्लेंडरला २.५ अँपियर-अवरची डबी असते. टेलचं ओझं तिच्यावर टाकलं तर हॉर्न म्हातारा होणार.

---

सोल्डरसखी | शुक्रवार, संध्याकाळी ६:२०

प्रश्न रास्त आहे. आकडे बघू.

फिलामेंटचा ५ वॅटचा टेल डीसीवर घेतला तर कायमचे साधारण ०.४ अँपियर. तेवढ्याश्या बॅटरीला ते खरंच जड, ते करूच नये. एलईडी टेल ५०-६० मिलिअँपियरमध्ये भागतो. आणि ब्रेकचा २१ वॅटचा बल्ब दाबल्यावर पावणेदोन अँपियर खायचा, तो एलईडी झाला की गर्दीत दर सिग्नलला तेवढे वाचतात. जमाखर्च केला तर बॅटरी फायद्यातच राहते.

एलईडी घेताना मात्र एक बघा. १२ व्होल्ट लिहिलेली स्वस्त पट्टी १२ व्होल्टला बरोबर चालते, पण गाडी पळताना बॅटरीवर साडेचौदापर्यंत दाब जातो. तीन लाल एलईडी एका रांगेत असतील तर त्यांना मिळून ६ व्होल्ट लागतात, उरलेले रेझिस्टरवर. १२ला उरतात ६, साडेचौदाला उरतात साडेआठ. म्हणजे करंट ४० टक्के जास्त! म्हणून पट्टीतले तीन-तीन एलईडीचे तुकडे एकेक करून मरतात, आणि दुकानदार म्हणतो वायरिंग खराब. स्वतः बनवणार असाल तर तीन लाल एलईडीच्या रांगेला ४७० ओहम घाला. साडेचौदाला १८ मिलिअँपियर, १२ला १३च्या आसपास. मरणार नाही.

आणि लाल काचेमागे पांढरा एलईडी घालू नका. फिलामेंटच्या उजेडात लाल भाग भरपूर असतो, काच तो पुढे सोडते. पांढरा एलईडी म्हणजे निळा एलईडी, वर पिवळा लेप. त्यात खरा लाल कमीच. काच बाकीचं अडवते आणि तुमचं गुलाबी सरबत होतं. लाल काचेला लालच एलईडी.

---

गप्पिष्ट_गियर | शुक्रवार, संध्याकाळी ६:३१

ताई, प्रतिसाद प्रिंट काढून गॅरेजात लावतो.

---

राईनकाठ | शुक्रवार, रात्री ११:५०

अवांतर : आमच्याकडे कोलोनला मोटरसायकलची दर दोन वर्षांनी तपासणी. तपासणारा काचेवरचा गोलातला ई आणि देशाचा आकडा वाचतो (जर्मनीचा १). काच फिलामेंटसाठी मंजूर असेल आणि आत परवानगी नसलेला एलईडी सापडला तर पास करत नाही. पहिल्यांदा राग आला होता. मग अंधारात मागे उभा राहून बघितलं, तर माझा एलईडी बल्ब समोरून झगझगीत आणि बाजूने काहीच नाही. काचेतला आरसा फिलामेंटच्या जागेप्रमाणे कोरलेला असतो, एलईडीची चकती त्या जागी नसते.

---

डबलसीट | रविवार, रात्री ९:४५

मंडळी, उघडलं! सकाळी नऊला बसलो, दुपारचं जेवण मडगार्डशेजारीच.

काच काढली तर आत एक सुकलेली पाल. तिचा काही दोष नव्हता. होल्डर सैल होता पण गंज कमी. रोग खाली होता. मध्यंतरी नवीन नंबरप्लेट बसवून घेतली, तेव्हा प्लेटच्या पट्टीखाली वायरचा गुच्छ आला आणि वर बोल्ट आवळला गेला. हिरवी वायर चिरडून चपटी. साल कापली तर बारीक तारांपैकी दोनच जिवंत, बाकी खारा_वारा म्हणतात तशी हिरवी चटणी. या दोन केसांवरून २१ वॅटचा करंट परत येत होता. बोटाला लावून बघितली तर पावडर पडली.

अर्थिंगची दुसरी बाजू चेसिसला बोल्टने लावलेली होती, तिथे कुणीतरी रंगावरूनच लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) बसवला होता. रंग खरवडून पत्रा उघडा केला, लग लावला, वर व्हॅसलिन.

मग काकांच्या सांगण्याप्रमाणे सगळं. काळीची फांदी, फ्यूज, तपकिरीला स्लीव्ह घालून निवृत्ती. वायर आता मडगार्डच्या मध्यावरून क्लिपमध्ये जाते, प्लेटच्या पट्टीला शिवतही नाही. सोल्डर केलं एकाच ठिकाणी, बाकी बुलेट कनेक्टर पक्कडीने दाबले. सोल्डरच्या कडेला वायर कडक होऊन हादऱ्याने तुटते असं गल्लीतल्या दुकानदाराने बजावलं होतं.

लाल एलईडी बल्ब लावला. चावी ऑन, टेल लागला. इंजिन बंद असताना! ब्रेक दाबला की डोळे दिपतात. होल्डरवर आता ०.०४ व्होल्ट.

वडील बाहेर आले. मागे गेले. कमरेवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "नंबर का लाल दिसतोय? नेत्याची गाडी केलीस का?"

बघतो तर काय, काचेच्या खालच्या पारदर्शक खिडकीतून लाल उजेड नंबरप्लेटवर. आख्खी प्लेट लाल. आता बोला.

---

किकमारके | रविवार, रात्री ९:५८

वडिलांचं एक नंबर ऑब्झर्वेशन :D :D

---

सोल्डरसखी | रविवार, रात्री १०:२०

अरेरे, हे सांगायचं मीच विसरले. चूक माझी. लाल काचेला लाल एलईडी हे बरोबर, पण या दिव्यात एकच बल्ब दोन कामं करतो : वरून लाल, खालच्या खिडकीतून प्लेटवर पांढरा. पांढरा घातला तर वरचं बिघडतं, लाल घातला तर खालचं.

---

घाटवळण | रविवार, रात्री १०:३५

आणि हे नुसतं दिसण्याचं नाही. केंद्रीय मोटर वाहन नियम १९८९, नियम १०५ : मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे, आणि नंबरप्लेटवर पांढरा उजेड असा हवा की मागून १५ मीटरवरून पूर्ण नंबर वाचता आला पाहिजे. लाल उजेडात चालत नाही.

(गाडी बदला म्हणणारा मीच, पण नियम वाचलेत. ताशी ६० ने येणाऱ्याला १५५ मीटर म्हणजे नऊ सेकंद.)

---

तारतंत्र | सोमवार, सकाळी ६:४०

दोन उपाय. सोपा : नंबरप्लेटच्या बोल्टच्या जागी बसणारे पांढरे छोटे दिवे मिळतात, टेलच्या वायरवर जोडा. पण त्यांची वायर पुन्हा त्याच पट्टीखालून जाणार, ज्या पट्टीने तुमची आधीची वायर खाल्ली. मला ते पटत नाही.

दुसरा : दिव्याच्या आतच, खिडकीच्या वर, दोन-तीन पांढरे एलईडी. सखीताई हिशोब देतील.

---

सोल्डरसखी | सोमवार, दुपारी १२:१५

तीन पांढरे एका रांगेत, ९ व्होल्ट लागतात. साडेचौदातून उरले साडेपाच. ३३० ओहम घातला की १७ मिलिअँपियरच्या आत. १२ला ९, उजेड थोडा कमी, पण प्लेटवर तीन इंचांवरून पुरेसा. टेलच्या पॉझिटिव्हवर जोडा, म्हणजे टेल चालू की प्लेट चालू.

मध्ये पडदा हवा, नाहीतर लाल खाली सांडेल आणि पांढरा वरच्या लाल काचेत.

---

डबलसीट | बुधवार, रात्री ११:४०

झालं! पडद्यासाठी घरात जुनं एटीएम कार्ड सापडलं. कात्रीने खिडकीच्या रुंदीचं कापलं, मार्करने काळं केलं, खिडकी आणि बल्बच्या मध्ये आडवं बसवलं. जुना २१ वॅटचा बल्ब असता तर वितळून गेलं असतं, एलईडीला गरमच होत नाही. तीन पांढरे एलईडी कार्डाच्या पोटाशी, तोंड खाली. साडेसहा इंच वायर, दोन टाके.

रस्त्यावर गाडी उभी करून पावलांनी मोजलं. अंदाजे पंधरा मीटरवरून बायकोला नंबर वाचायला सांगितला, तिने चष्म्याशिवाय वाचला. वडिलांनी मागून, डावीकडून, उजवीकडून बघितलं. काही बोलले नाहीत. म्हणजे पास.

राईनकाठ म्हणतात ते बाजूचं मात्र खरं निघालं. अगदी तिरकं गेलं की लाल थोडा कमी पडतो. तिथे काय करू?

---

राईनकाठ | गुरुवार, पहाटे २:१०

बल्ब घेताना टोकाला चकती आणि अंगावरही चारी बाजूंनी एलईडी असलेला घ्या. अंगावरचे एलईडी काचेतल्या आरशावर उजेड टाकतात, तो बाजूला पसरतो. पूर्ण नाही, पण फरक पडतो.

---

खारा_वारा | गुरुवार, सकाळी ८:००

मूळ काच बदलू नको हा. बाजारात ती धुरकट, पारदर्शक काचा मिळतत, दिसूक भारी. पण मूळ लाल काचेत चौकटी-चौकटीचो जो भाग असता तो रिफ्लेक्टर. बॅटरी मेली, फ्यूज गेलो, सगळा बंद पडला तरी मागच्याच्या लाईटीत तो चमकता. काच बदललास की तो गेलो.

---

गप्पिष्ट_गियर | गुरुवार, सकाळी ९:२२

मी मध्येच घुसतो. तुमचं बघून उत्साहात पॅशनचे चारही इंडिकेटर एलईडी केले. आता डावं दाबलं की चारही लुकलुकतात आणि तेही भराभर. पार्टी लाईट झालीय.

---

सोल्डरसखी | गुरुवार, दुपारी १:०५

दोन वेगळे आजार. भराभर लुकलुकतं कारण जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) १० वॅटच्या बल्बांच्या ओझ्यावर चालतो, एलईडीचं ओझं त्याला जाणवत नाही. त्याला वाटतं बल्ब उडालाय. लोक समांतर रेझिस्टर लावून खोटं ओझं देतात. ते रेझिस्टर इस्त्रीसारखे तापतात, वीज वाचवायला एलईडी आणि मग ती जाळायला रेझिस्टर. ओझ्यावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या.

चारही लागतात कारण मीटरमध्ये डाव्या-उजव्याला मिळून एकच पायलट दिवा असणार. तो दोन्ही बाजूंच्या वायरच्या मध्ये जोडलेला असतो. डाव्याचा करंट त्यातून उजवीकडे जातो. फिलामेंट असताना एवढ्याशा करंटने ते पेटत नसत, एलईडी पेटतात. डाव्या-उजव्याकडून येणाऱ्या दोन्ही वायरींवर एकेक १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा) लावा, बाजूकडून पायलटकडे, मग त्या एकत्र करून पायलटच्या एका टोकाला, आणि पायलटचं दुसरं टोक अर्थिंगला. डायोडवरची पांढरी रेघ पायलटच्या बाजूला.

---

तारतंत्र | गुरुवार, रात्री ८:३०

डबलसीट, एक राहिलं. तुमचा मूळ प्रश्न, बल्ब महिन्यात का उडायचा. अर्थिंगने मंद होतो, सहसा उडत नाही. हेडलाईटचा बल्बही मध्ये उडाला होता का?

---

डबलसीट | गुरुवार, रात्री ९:०२

हो! दिवाळीत. दोन दिवस तसाच फिरवला, मग बदलला. त्यानंतरच मागचे उडायला लागले असं आता आठवतंय.

---

तारतंत्र | गुरुवार, रात्री ९:२५

मग आरआर युनिट बघा. एसीच्या वायरवर ३५ वॅटचा हेडलाईट हे मोठं गिऱ्हाईक. ते गेलं की उरलेला सगळा दाब छोट्यांच्या वाट्याला, आणि आरआर कमजोर असेल तर आवरत नाही. युनिटची हिरवी वायर चेसिसला नीट लागलीय का ते आधी, कारण तिचं अर्थिंग सुटलं तरी हेच होतं. मग रेस वाढवून पिवळ्या वायरवर एसी व्होल्ट बघा. रेसबरोबर आकडा चढतच राहिला तर युनिट बदला, नाहीतर आता मीटरचा आणि हेडलाईटचा नंबर लागेल. बॅटरीवरही बघून घ्या. तिथे १५च्या वर जात असेल तर तुमचे एटीएम कार्डवाले एलईडीही गेले.

---

डबलसीट | शनिवार, संध्याकाळी ७:१०

आरआरची हिरवी वायर. तीही तशीच रंगावर आवळलेल्या बोल्टला. खरवडली, लावली. पिवळ्यावर रेस दिली तरी आकडा एका जागी थांबतो, बॅटरीवर १४.३.

वडील आज स्वतः चक्कर मारून आले. आठ महिन्यांनी.

---

गप्पिष्ट_गियर | शनिवार, रात्री १०:४४

डायोड लावले, पार्टी बंद. पण आता पॅशनचा टेलही डीसीवर घ्यायचाय. ब्रेक स्विचला काळीच वायर आहे, तीच ना?

---

तारतंत्र | रविवार, सकाळी ६:३५

रंगावर जाऊ नका. गाडी वीस वर्षांची, मध्ये किती हात लागले कुणास ठाऊक. चेकिंग बल्ब लावा : इंजिन बंद, चावी ऑन केली की पेटला, ऑफ केली की विझला, तर तीच.